कोल्हापुरात नेट घेताय? प्लॅन नंतर, आधी खांब बघा

मेव्हण्यानं राजारामपुरीत फ्लॅट घेतला आणि सामान लागायच्या आधीच मला फोन, दाजी ३०० एमबीपीएस घेऊ का ५००? म्हटलं स्पीडचं नंतर बघू, आधी खाली जा आणि खांबावर काय काय लटकलंय त्याचा फोटो पाठव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच सांगतो, नेट घेताना पहिलं काम हेच. तुमच्या दारापर्यंत कुठली वायर येते आणि ती तुटली की कोण येतं, एवढं कळलं की प्लॅन पाच मिनिटात ठरतोय.

आता वायर ओळखायची कशी. जुनी टेलिफोनची तांब्याची जोडी असेल तर तिच्या नादाला लागू नका, एक्स्चेंजपासून घर जेवढं लांब तेवढा स्पीड मरतो. दुसरी म्हणजे लॅन केबल, जाड निळी-करडी नाहीतर काळी, शेंड्याला फोनच्या पिनेसारखी पण मोठी पारदर्शक पिन. ही स्वस्तात मिळते आणि चालू असताना मस्त चालते, पण ही केबल १०० मीटरच्या पुढं नीट चालत नाही म्हणून केबलवाला मध्येच कुणाच्यातरी गच्चीवर पेटीत स्विच बसवतो, आणि त्या स्विचला लाईट त्या बिल्डिंगची. म्हणजे तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, त्यांची लाईट गेली की तुमचं नेट गेलं, आणि तुम्ही बसलाय राऊटर बंद-चालू करत. वरनं एप्रिल-मे मधला वळीव! जवळपास वीज पडली की तांब्यातनं झटका आत येतो आणि राऊटरचं पोर्ट जळतं. आमच्या गल्लीत एका संध्याकाळी चार घरांचे राऊटर गेले होते. लॅनवालं कनेक्शन असेल तर ढग दाटले की पिन काढून ठेवा, सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

तिसरी फायबर, आणि मिळत असेल तर डोळे झाकून हीच घ्या. बारीक काळी नाहीतर पांढरी वायर, आत केसाएवढी काच, त्यातनं उजेड जातो, करंट नाही, त्यामुळं वळवाचा झटका काचेतनं येत नाही. एका फायबरवर साधारण ३२ किंवा ६४ घरं वाटून असतात आणि वाटणाऱ्या डबीला लाईटच लागत नाही, म्हणून तुमच्या घरात पॉवर असली की गल्लीत अंधार असला तरी बहुतेक वेळा नेट चालू. त्यासाठी राऊटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो तो घ्याच. फक्त अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, नाहीतर डबा सारखा रिस्टार्ट होत बसतो.

फायबरच्या डब्यावर पॉन (PON) नावाची हिरवी लाईट स्थिर पाहिजे. लॉस (LOS) नावाची लाल लाईट लुकलुकली की समजा उजेडच पोचत नाही, मग सेटिंग-बिटिंग काय करू नका, सरळ तक्रार टाका. आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात हा दिवा आठवडाभर रोज रात्री लागायचा, सकाळी बंद. कंपनीनं दोन वेळा कुणी न येताच तक्रार 'सुटली' म्हणून बंद केली, नाव घेत नाही. शेवटी एक पोरगा आला, त्यानं हिरवं कनेक्टर काढून लाल लेझरचा पेन वायरीला लावला आणि लाईट बंद करायला सांगितली. खिडकीच्या चौकटीत, दार बंद होतं तिथं बरोबर, वायर लालभडक चमकत होती. रात्री आम्ही खिडकी लावायचो आणि वायर चेपायची, एवढंच! फायबरला मोड चालत नाही, खिळ्याला गुंडाळू नका, खिडकीत चेपू नका, भिंतीला बारीक भोक पाडून घ्या. आणि चालू कनेक्टरच्या तोंडात डोळा लावून बघायचं नाही, तो उजेड दिसत नाही पण डोळ्याला वाईट.

खांबावर फायबर नाही, नाहीतर भाड्याचं घर आहे आणि मालक भोक पाडू देत नाही, तर एअर फायबर. नावात फायबर आहे पण घरापर्यंत येतं ते टॉवरवरनं, गच्चीवर नाहीतर बाल्कनीत डबा बसवतात. बसवायच्या आधी संध्याकाळी नऊच्या सुमाराला त्याच कंपनीचं फाईव्हजी सिम घालून गच्चीवर स्पीड बघा, कारण सगळे तेव्हाच मॅच आणि सिरीयल बघत असतात. सकाळी अकराला टेस्ट घेऊन काय उपयोग नाही. आणि 'अनलिमिटेड' शब्दाला भुलू नका, खाली बारीक अक्षरात महिन्याची लिमिट असतीय, फायबरला बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी, एअर फायबरला त्याहून बरीच कमी.

गगनबावडा, शाहूवाडीकडं वाडीवस्तीवर असाल तर रेडिओ लिंकवाला मिळतोय का बघा. टेकडीवर एक ताटली, तुमच्या घरावर एक, दोघींनी एकमेकींना दिसलं पाहिजे. ऊस कितीबी वाढू दे, तो आड येत नाही, नारळाची झावळी येते. डिशवाला सॅटेलाइट हा अगदीच शेवटचा पर्याय, जुन्या पद्धतीचा उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळं व्हिडिओ कॉलवर तुम्ही बोललेलं समोरच्याला पोचून त्याचं उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या वर जातोय.

आता धंदेवाले. चहाच्या गाड्याला, भाजीवाल्याला वेगळं नेट नको, पैसे आल्याचं बोलणाऱ्या बॉक्समध्ये सिम असतंच. दुकानाला साधं फायबर बास. पण शिरोली, गोकुळ शिरगावला कारखाना आहे, ड्रॉइंगच्या मोठ्या फाईली पाठवायच्यात, ई-इनव्हॉइस निघाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही, तिथं विचार करा. लीज्ड लाईन महाग असतीय कारण ती कुणाशी वाटून नसते, अपलोड-डाऊनलोड सारखं, स्टॅटिक आयपी म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता मिळतो आणि बंद पडली तर किती तासात दुरुस्त करणार ते कागदावर लिहून देतात. तो कागद वाचा, पैसे त्याचेच आहेत. लहान युनिटला एवढं परवडत नसेल तर दोन कनेक्शन घ्या आणि दोन वायर लागणारा राऊटर घ्या, एक बंद पडलं की दुसऱ्यावर आपोआप जातंय. फक्त दोन्ही फायबर एकाच खांबावरनं आणू नका. झाड पडलं की दोन्ही एकदमच जातात, म्हणून एक फायबर आणि एक सिमवालं.

राहिला स्पीड. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नाही, आठनं भागा, साडेबारा येतात. चार माणसांच्या घराला तेवढं पुष्कळ. कमी वाटलं तर लॅपटॉपला वायर लावून टेस्ट घ्या, वायरीवर बरोबर येत असेल तर दोष कंपनीचा नाही, तुमच्या वायफायचा. पेठेतल्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतीतनं वायफायचं फाईव्ह गिगाहर्ट्झचं सिग्नल नीट जातच नाही, पलीकडच्या खोलीत वायर ओढून दुसरा राऊटर लावा. आणि राऊटर घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर ठेवा.

मेव्हण्यानं शेवटी १०० चं फायबर घेतलं. राऊटर टीव्हीच्या मागं शोकेसमध्ये, कारण वहिनीसाहेबांना वायरी दिसलेल्या चालत नाहीत. काल परत फोन, दाजी, बेडरूममध्ये नेट येईना ओ.