तिकीट काढण्याआधी पासपोर्टची तारीख बघा
पासपोर्टची मुदत संपायला चार महिने आहेत, म्हणजे चालेल, असं धरून तिकीट काढू नका. बरेच देश तिथे पोहोचल्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देशांचा (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) हिशेब वेगळा: तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. कोरी पानंही मोजा; शेवटची शेऱ्यांची पानं सहसा त्यात धरत नाहीत. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस लागत असेल तर वेळेत घ्या, प्रमाणपत्र १० दिवसांनंतरच ग्राह्य होतं. आणि वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे जरूर तपासा. लोक नेमकं हेच विसरतात, आणि मग बॅगा घेऊन चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागतं.