वैरणीतले गाजरगवत कसे ओळखावे आणि कसे काढावे

गाजरगवत भारतात ठळकपणे नजरेत आले ते १९५५ साली, पुण्यात. आज हडपसर-लोणीकडच्या कालव्याकाठची वैरण कापली की विळ्याखाली तेही येतेच.

उभे झाड गाय सहसा तोंडात घेत नाही, वासावरूनच टाळते. घोटाळा होतो कुट्टीत. यंत्रातून बारीक झाल्यावर तिला ते निवडता येत नाही. म्हणून भारा यंत्रात घालण्यापूर्वी सोडून पसरा आणि निवडा. पान गाजरासारखे कातरलेले, लवदार. खोडावर उभ्या रेघा. फुले पांढरी, बारीक.

यातले पार्थेनिन हे विष. पोटात गेले की दूध कडवट लागते. अंगाला घासून मुसकट, कास आणि सड लाल होतात, खाज सुटते, केस झडतात. वैरणीत प्रमाण जास्त असेल तर तोंडात नि आतड्यात व्रण पडून जनावर दगावूही शकते. लक्षणे दिसताच ती वैरण बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

उपटायचे ते पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना आणि फुलाआधी. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते, तेव्हा रेंगाळू नका. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर फडके हवेच. बुंध्याशी धरून सरळ वर ओढा. विळ्याने छाटले तर बुडख्यातून पुन्हा फुटते. बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. कोवळी रोपे शेणकाला टाकून खड्ड्यात कुजवा. फुलावर आलेले झाड मात्र उकिरड्यावर नको. एका झाडाला दहा हजारांवर बिया धरतात आणि शेणखताबरोबर त्या शेतात जातात. असे झाड जागेवरच पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा.

कपाशी-सूर्यफुलाचे बांध आधी साफ करा. गाजरगवतावर पिठ्या ढेकूण पोसला जातो आणि तिथून कपाशीवर उतरतो. फुलकिड्यांच्या अंगाला लागून त्याचे परागकण सूर्यफुलावर विषाणू नेतात.

पडीक जागेत मात्र उपटण्याआधी पाने पाहा. मलईच्या रंगाचे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघांचे, ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठे भुंगेरे दिसले तर हात आवरा. हे मेक्सिकन भुंगेरे १९८३ साली मुद्दाम भारतात आणले गेले. ते आणि त्यांच्या अळ्या याची पाने फस्त करतात. तिथे कीटकनाशक फवारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये भोके पाडलेल्या डब्यात थोड्या पाल्यासकट गोळा करून दुसऱ्या पडिकात सोडा, हेक्टरी ५०० ते १०००. थंडीत ते मातीत दडतात आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतात, त्यामुळे ती जागा नांगरू नका.