दार कोण मोजणार? प्रॉडक्शन मॅनेजमेंट शिकताना

मध्यंतरी कॉलेजातल्या दोन पोरांनी विचारलं, दादा आम्हाला अभिनय काय जमत नाही पण नाटकातच राहायचंय, काय करू? म्हटलं प्रॉडक्शन सांभाळायला शिका. तोंडं बघण्यासारखी झाली, कारण सगळ्यांना वाटतं प्रॉडक्शन म्हणजे चहा-वडापाव आणायचं काम. तेही असतंच म्हणा, मी पहिली दोन वर्षं तेवढंच केलं.

पडदा उघडल्यावर विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला आडोशाला उभं राहून लाइटचा, म्युझिकचा क्यू (आता सुरू कर असा इशारा) देतो तो स्टेज मॅनेजर. तो पडदा उघडायच्या आधी सेट, माणसं, परवानग्या आणि पैसे जागच्या जागी आणून ठेवतो तो प्रॉडक्शन मॅनेजर. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून नाव असतं ना, ते साधारण हेच काम. हौशी ग्रुपात दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतात म्हणून फरक लक्षात येत नाही.

माझ्या लक्षात आला तो बाहेरगावच्या एका प्रयोगाला. सेटचे फ्लॅट, म्हणजे जोडून भिंत करायचे सुटे तुकडे, आठ बाय चार फुटांचे, तिथं जाऊन जोडत बसायला नको म्हणून मीच शहाणपणा करून दोन फ्लॅट इथंच जोडून घेतले, वरून कापड चिकटवून रंगपण मारला, आठ बाय आठची झकास भिंत. खुल्या टेम्पोत उभी बांधून आणली आणि हॉलचं मागचं दार निघालं साडेतीन बाय साडेसहा! आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली. सुतारमामा बिडी विझवत म्हणाले, "आरं पोरा, भित मोजलीस, दार कोण मोजणार?" शेवटी भर उन्हात रस्त्यावर ब्लेडनं कापड फाडलं, खिळे उपटले, फ्लॅट सुटे करून आत नेले. संध्याकाळी दिवाणखान्याच्या भिंतीत मधोमध फट, लाइट पडला की आणखीनच दिसायची.

तेव्हापासून तारीख पक्की व्हायच्या आधी टेप घेऊन हॉल बघून येतो. मागचं दार, जिन्याचं वळण, विंगेत किती जागा आहे, टेम्पो कुठपर्यंत येतो, सगळं वहीत. आणि वीज, इथं नवीन पोरं हमखास फसतात. स्टेजवरचा जुना पार लाइट (डब्यासारखा मोठा दिवा) साधारण १००० वॅटचा, असे १२ लावले की १२००० वॅट, २३० व्होल्टनं भागलं तर ५२ अँपिअर. सगळे एकाच फेजवर, म्हणजे विजेच्या एकाच लाइनवर टाकले की ऐन सीनमध्ये ट्रिप होऊन अंधार होणार, तीन फेजवर वाटले तर प्रत्येकी १७-१८ वर भागतं. म्हणून हॉलच्या वायरमनला आधी गाठा, मॅनेजरला नंतर. एलईडी असतील तर लोड बराच कमी, पण भाड्यानं नक्की काय येणार ते आदल्या दिवशी परत फोन करून विचाराच.

कागदपत्रांत महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आपण सगळे त्याला सेन्सॉर म्हणतो. तालमी सुरू झाल्या की लगेच अर्ज टाका, प्रयोगाच्या आठवड्यात धावाधाव नको. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत दिग्दर्शक नंतर संवाद बदलत बसला तर ते तुमच्याच डोक्याला ताप, त्याला आधीच सांगून ठेवा.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली, फार वाईट पद्धतीनं. केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायकनट केशवरावांची जयंती. त्या रात्री नाट्यगृहाला लागून असलेल्या खासबाग मैदानाकडं बघवत नव्हतं. आता कुठल्याही हॉलवर गेलो की फायर सिलिंडरवरची तारीख आधी बघतो, मग बाहेर जायची दारं. उघडी आहेत की कुलूप घातलंय तेपण ढकलून बघतो, लोक हसतात, हसू देत.

शिक्षणाचं म्हणाल तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे, जमलं तर जरूर जा, नाटक वाचायला-बघायला शिकाल. पण हिशेब आणि टेम्पो राज्य नाट्य स्पर्धेच्या एखाद्या ग्रुपात बॅकस्टेज केल्यावरच कळतो. पहिल्या वर्षी पैसे मिळतील असं धरू नका, पण स्वतःच्या खिशातून घातलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी लिहून ठेवा, रंगीत तालमीला कुणाला काय आठवत नाही. माझे सेलोटेपचे दीडशे रुपये एका ग्रुपकडं अजून अडकलेत.