कुत्र्यांच्या ओपीडीत नवे असाल तर: ‘सवय बिघडली’ म्हणणाऱ्या मालकाला आधी काय विचारायचं

पदवी हातात येते तेव्हा गाई-म्हशी तपासायची सवय झालेली असते. मग शहरातल्या क्लिनिकमध्ये समोर लॅब्रॅडॉर येतो आणि त्याच्यासोबत अख्खं घर, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. त्या वेळची धडधड मला अजून आठवते. धीर सोडू नका. खाज, गोचीड, नखं, जंताचं औषध हे तेच ते प्रश्न असतात, उत्तरं लवकर तोंडात बसतात. "दोन लसी झाल्या, आता पिल्लाला खाली फिरवू का?" याला मात्र पटकन हो म्हणू नका. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लवकर दिलेली लस वाया जाऊ शकते, म्हणून पार्वोची (रक्ती जुलाब करणाऱ्या जीवघेण्या विषाणूविरुद्धची) मात्रा निदान 16 आठवड्यांच्या वयापर्यंत दर 3-4 आठवड्यांनी द्यावी लागते.

खरा सापळा वेगळाच आहे. "सात वर्षांची झाली, घरात कधी केलं नाही, आता रोज हॉलमध्ये शू करते. एखादा ट्रेनर सुचवा ना." मालक सवयीबद्दल विचारतो, आपणही सवयीबद्दलच बोलायला लागतो. थांबा. नसबंदी झाली आहे का? शेवटची हीटवर, म्हणजे माजावर, कधी आली होती? पाणी किती पिते? हीट संपून साधारण 4 ते 8 आठवडे झालेत, पाणी जास्त पिते, जेवण कमी झालंय, तर पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, हे पहिलं डोक्यात आलं पाहिजे. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसत नाही. ताप नसला तरी निर्धास्त होऊ नका, पुष्कळदा तो नसतोच. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून लघवी वाढते आणि त्यापाठोपाठ तहान. त्यामुळे "रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवा" हा सल्ला घातक आहे. पाणी मोजायला सांगा: किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर गेलं, म्हणजे 20 किलोच्या कुत्रीने 2 लिटरहून जास्त प्यायलं, तर ते आजाराचं लक्षण. पायोमेट्राचा संशय असेल तर सोनोग्राफी आणि रक्त त्याच दिवशी. उद्या नाही. निदान पक्कं झालं की गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय, आणि उशीर जिवावर बेततो.

हेच सूत्र बाकीच्या तक्रारींना लावा. अंगाला हात लावला की गुरगुरतो? कान, दात, खुबा बघा. जिना चढायला नकार देणारा म्हातारा कुत्रा हट्टी नसतो, बहुधा त्याला दुखत असतं. अचानक बदललेल्या स्वभावाला आधी शरीरात शोधा, ट्रेनर नंतर.

खाजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. खाज थांबते, कारण तसंच राहतं, आणि पुढच्या डॉक्टरला त्वचा नीट वाचता येत नाही. शिकायला सीनियर निवडताना त्याच्याकडची गर्दी बघू नका. तो कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत हात लावून तपासतो का, ते बघा.

घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल (माणसांची ही औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात) मालकाने आधीच दिलेली असेल तर ओरडू नका. किती दिली, किती वाजता दिली, एवढं शांतपणे विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी ते लपवतील, आणि तुमचे उपचार अंधारात सुरू होतील.