तवा घेताना धातू बघा, पण वजन आधी बघा

लातूरला शिकायला आलेली पोरं रूमवर पातळ जर्मनचा (म्हंजे ॲल्युमिनियमचा) तवा आणतात, त्याच्यावर ज्वारीची भाकरी टाकतात आणि चिकटली की म्हणतात पीठच खराब हाय. पीठ चांगलंय, तवा चुकलाय.

एक ग्रॅम वस्तू एक डिग्रीनं तापवायला जेवढी उष्णता लागते ती तिची विशिष्ट उष्माधारकता, दहावीच्या विज्ञानात असते बघा. पाण्याला 4.18 ज्युल लागतात, ॲल्युमिनियमला 0.90, लोखंडाला 0.45, तांब्याला 0.39. आता लोक इथंच फसतात, म्हणतात जर्मन तर लोखंडाच्या डबल उष्णता धरतंय मग तोच तवा भारी. पण हा हिशोब एका ग्रॅमचा हाय ना! 300 ग्रॅमचा जर्मनचा तवा एका डिग्रीमागं 270 ज्युल धरतो आणि दीड किलोचा लोखंडी 675. त्यामुळं ओली भाकरी पडली की पातळ तवा लगेच गार पडतो, जाड तवा दम धरतो आणि भाकरीला खालून पटकन पापुद्रा येतो.

मग करायचं असं. जाड लोखंडी किंवा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा मध्यम आचेवर चांगला पाच-सात मिनिटं आधी ठेवा, घाई करू नका, बीड उष्णता हळू पसरवतं. पाण्याचे दोन थेंब टाका, नुसते चरचरून बसले तर अजून थांबा, थेंब टुणटुण पळायला लागले की गॅस जरा कमी करून भाकरी टाका. वरून पाणी फिरवून उलटायची. शेवटची भाकरी उलटली की गॅस बंद केला तरी चालतंय, तव्यातली उष्णता बाकीचं काम करते. आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो, माझा एक तवा असाच गेला.

दुधाला उलटं. उतू जायला लागलं की गॅस बंद करताच खाली बसायला पाहिजे, तिथं पातळ पातेलंच सोयीचं, जाड बुडाचं बंद केल्यावरही वर ढकलत राहतं. फक्त पातळ पातेल्यात बुडाला लागू नये म्हणून ढवळत बसावं लागतं.

तांब्याच्या बंबाचा पण हिशोब करून बघा, 5 किलो तांबं एका डिग्रीला जेमतेम 2 हजार ज्युल खातं आणि आतलं 20 लिटर पाणी 84 हजार. म्हंजे धातू तापवण्यात जळण जवळपास वायाच जात नाही, सगळं पाण्याला. शिवाय तांब्यातून उष्णता पटकन आत जाते.

विश्वास बसत नसेल तर घरी करा. तराजूचं अर्धा किलोचं लोखंडी माप दोरीला बांधून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग अर्धा लिटर 30 डिग्रीच्या पाण्यात सोडा आणि पाण्यात चालणारं थर्मामीटर लावा (तापाचं नको, ते 42 च्या पुढं जात नाही). पाणी 37 च्या आसपास जातं, थोडं कमीच भरंल कारण भांडं पण उष्णता खातं. तेवढ्याच वजनाचं जर्मन सोडलं तर 42 च्या आसपास. लोहार लालबुंद विळा पाण्याच्या हौदात बुडवतो तेव्हा विळा क्षणात काळा पडतो अन् हौदातलं पाणी कोमट सुद्धा होत नाही, ते पाण्याला तापायला लोखंडापेक्षा लई जास्त उष्णता लागते याच्यामुळंच.