डेकार्डची बायको कुठे गेली? रूपांतरावर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

विज्ञानकादंबरीवरचा सिनेमा म्हटलं की एमएला निम्मे जण रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’कडेच वळतात. मीही वळलो. तुम्हीही खुशाल घ्या. ‘यावर सगळं लिहून झालंय’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मात्र ‘कादंबरीत असं, सिनेमात तसं’ असे दोन रकाने आखून पानं भरणार असाल, तर विषय आत्ताच बदला.

आणि सगळ्यात आधी, तुम्ही कोणती आवृत्ती पाहताय ते ठरवा. माझं एक अख्खं प्रकरण यात बुडालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हा सिनेमा फिलिप के. डिकच्या १९६८ च्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या कादंबरीवरून केलाय. कादंबरीत, पळून आलेल्या अँड्रॉइडांना (हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रांना) टिपणाऱ्या रिक डेकार्डला बायको आहे, इरान. पहिल्याच पानांवर मनःस्थिती बदलणाऱ्या यंत्रावरून दोघांचं वाजतं, आणि इरानने तर नैराश्याचे तास मुद्दाम लावून घेतलेले असतात. सिनेमात ती दिसत नाही. ‘रिडली स्कॉटने बायको काढून टाकली’ असं लिहायला हात शिवशिवतो. पण कुठल्या ‘ब्लेड रनर’मधून? १९८२ साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत डेकार्डचं निवेदन आहे आणि त्यात त्याच्या पूर्वीच्या बायकोचा ओझरता उल्लेख येतो. १९९२ च्या डायरेक्टर्स कटमध्ये निवेदनच उडालं, त्यासोबत तीही गेली. शिवाय डेकार्डला पडणारं युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न आलं आणि डेकार्ड स्वतः तरी माणूस आहे का, हा संशय बळावला. २००७ चा फायनल कट आणखी निराळा. फायनल कट पाहून खाली १९८२ लिहिलंत, तर व्हायवात पहिल्या पाच मिनिटांत सापडाल. प्रत्येक प्रसंगापुढे आवृत्तीचं साल टाका. कंटाळा आला तरी टाका.

हे एकदा जमलं की पुढचं काम खरंच आनंदाचं आहे. रॉय घ्या, डेकार्ड ज्यांच्या मागावर आहे त्या अँड्रॉइडांचा म्होरक्या. कादंबरीत त्याची साथीदार अँड्रॉइड प्रिस छोट्या कात्रीने कोळ्याचे पाय एकेक करून कापते, चार पायांवर चालतो का बघायला. तो हलेना म्हणून रॉय त्याच्याजवळ पेटती काडी धरतो. परक्या जिवाची कणव नसणं, हीच डिकच्या अँड्रॉइडची ओळख. सिनेमात तोच रॉय गच्चीवरून लोंबकळणाऱ्या डेकार्डचं मनगट पकडून त्याला वर खेचतो. कणव माणसाकडून यंत्राकडे गेली, सगळ्या गोष्टीचा प्रश्नच उलटा झाला. याचं श्रेय एकट्या दिग्दर्शकाला देऊ नका. पटकथा हॅम्प्टन फॅन्चर आणि डेव्हिड पीपल्स यांची आहे, आणि रॉयचं मरतानाचं भाषण छाटून त्यात पावसातल्या अश्रूंची ओळ घातली ती रटगर हाउअर या नटाने.

यूट्यूबवरचे विश्लेषणाचे व्हिडिओ पहिला मसुदा होईपर्यंत बघू नका. दुसऱ्याचं मत एकदा डोक्यात बसलं की आपल्याला काय दिसलं होतं ते आठवत नाही. गाइडबद्दलही माझं मत पक्कं आहे: ‘छान आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘कुठल्या पानावर?’ विचारणारा गाइड मिळवा. त्रास होईल, पण प्रबंध उभा राहील. आणि पहिला मसुदा तक्त्यासारखाच झाला तर खचू नका, तो सगळ्यांचाच तसा होतो. टिपण म्हणून ठेवा.

अजून पात्र ठरत नसेल तर इसिडोर घ्या. किरणोत्सारी धुळीने बुद्धी मंदावलेला, खोट्या प्राण्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाची गाडी चालवणारा हा माणूस सिनेमात सेबॅस्टियन नावाचा हुशार, पण अकाली म्हातारा होत चाललेला जनुकरचनाकार झाला. त्या एका बदलावर प्रकरण उभं राहतं.