निवृत्त बिशप अर्धवेळ कामावर येतात तेव्हा

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या (तिथल्या अँग्लिकन परंपरेतल्या चर्चच्या) एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या चर्चेसच्या गटाच्या, कार्यालयात चौदा वर्षं मी बिशपांची डायरी सांभाळते. आमच्याकडे 61 चर्चेस आहेत आणि बिशप एकच. प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून निदान एकदा बिशपांनी भेट द्यावी असा एपिस्कोपल चर्चचा नियम आहे. म्हणजे वर्षाला वीस-एकवीस रविवार. पण पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा), हाऊस ऑफ बिशप्सच्या, म्हणजे सगळ्या बिशपांच्या सभेच्या, बैठका, धर्मप्रांताचं अधिवेशन आणि सुट्ट्या वजा केल्या की उरतं काय? शिवाय प्रत्येक चर्चला बिशप हवे असतात ते ईस्टरनंतरच्या सहा-सात आठवड्यांतच, कारण मुलांचं दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने पक्की करण्याचा विधी) तेव्हा ठरलेलं असतं. दृढीकरण आणि पाळकपदाची दीक्षा बिशपांखेरीज कुणाला देता येत नाही. तिथे निवृत्त बिशप उपयोगी पडतात. आतापर्यंत मी तिघांना रुळवलंय. पहिल्यांदा सगळं चुकलं.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण एका अक्षराने घोळ होतो. 'असिस्टंट बिशप' हे पद नियमांत बसवलेलं आहे. ते निर्माण करायला धर्मप्रांताच्या अधिवेशनाची मान्यता लागते, स्टँडिंग कमिटीची (बिशपांना सल्ला देणाऱ्या धर्मप्रांताच्या समितीची) संमती लागते, आणि वयाच्या 72 नंतर त्या पदावर राहता येत नाही. 'असिस्टिंग बिशप' म्हणजे धर्मप्रांताच्या बिशपांनी मदतीला बोलावलेले बिशप. बहुतेक निवृत्त मंडळी या दुसऱ्या गटात मोडतात. 72 व्या वर्षी बिशपांना अधिकारक्षेत्राचा राजीनामा द्यावाच लागतो, पण त्यांचं बिशपपण त्यांच्यापाशीच राहतं. दीक्षा आयुष्यभराची असते. आमच्या कार्यालयातल्या एका माणसाने एकदा पत्र्याच्या पाटीवर 'माजी बिशप' छापून आणलं होतं. ती पाटी मी लपवून ठेवली.

हे काही नवीन नाही. बार्बरा हॅरिस यांचंच पाहा. 1989 मध्ये त्या मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रगन (मुख्य बिशपांच्या मदतीला निवडलेल्या) बिशप झाल्या, अख्ख्या अँग्लिकन कम्युनियनमधल्या, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चेसमधल्या, पहिल्या महिला बिशप. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी वॉशिंग्टन धर्मप्रांतात काही वर्षं असिस्टिंग बिशप म्हणून काम केलं. अशी माणसं धर्मप्रांतात येतात तेव्हा त्यांना काम शिकवावं लागत नाही. शिकवावा लागतो तो आपला धर्मप्रांत.

कुणाला बोलवायचं? माझं मत स्पष्ट आहे: बाहेरून आलेला बिशप बरा. जो इथेच बिशप होता तो परत आला की लोक जुनी गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे जातात आणि नव्या बिशपांची पंचाईत होते. बाहेरच्या बिशपांनाही आपल्या हद्दीत उपदेश किंवा विधी करायला धर्मप्रांताच्या बिशपांची परवानगी लागते, आणि ती लेखी घेतलेली बरी. पार्श्वभूमी तपासणी आणि सेफ चर्चचं (चर्चमध्ये मुलं आणि इतरांना सुरक्षित ठेवण्याचं) प्रशिक्षण यांत सूट देऊ नका. "तीस वर्षं बिशप होतो, आता माझी तपासणी?" असं एकाने मला विचारलं. मी म्हटलं, "चर्चच्या बालवर्गातल्या ताईंचीही होते." पुढे ते काही बोलले नाहीत.

आता पत्र. याच्यावर दोन दिवस घालवले तरी चालतील. महिन्याला किती रविवार, हे आकड्यात लिहा. "गरजेप्रमाणे" लिहिलंत तर गरज वाढतच जाते. कोणती कामं त्यांची आणि कोणती नाहीत, तेही लिहा. आमच्या पहिल्या असिस्टिंग बिशपांच्या पत्रात हे नव्हतं. एका रेक्टरचं, म्हणजे चर्चच्या मुख्य पाळकाचं, आपल्या व्हेस्ट्रीशी (चर्चच्या कारभारी मंडळाशी) वाजलं होतं. भेटीच्या रविवारी कॉफीच्या वेळी त्याने निवृत्त बिशपांना बाजूला घेतलं. त्यांनी सवयीने सल्ला दिला, चांगलाच दिला. पण त्याच आठवड्यात आमच्या बिशपांनी अगदी उलटं सांगितलं होतं. पुढचे तीन महिने आम्ही ते निस्तरत होतो. आता पत्रात एक ओळ असते: मंडळी आणि पाळक यांच्यातला वाद कानावर आला तर ऐकून घ्या आणि सोमवारी सकाळी कार्यालयात फोन करा. पाळकांच्या गैरवर्तनाची तक्रार आली तर मात्र सोमवारची वाट पाहायची नाही. ती स्वीकारणाऱ्या इनटेक अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी त्यांच्या फोनमध्ये भरून द्या. मी स्वतः भरून देते, सांगून सोडत नाही.

पैशाचं बोलायला सगळ्यांना संकोच वाटतो, म्हणून मीच बोलते. मानधन ठरवण्याआधी चर्च पेन्शन फंडाला विचारायचं. निवृत्तीनंतर काम केल्यास पेन्शनवर काय परिणाम होतो याचे नियम आहेत, आणि ते बिशपांना आपोआप ठाऊक असतील असं धरून चालू नका. प्रवासखर्च वेगळा द्या आणि महिन्याच्या महिन्याला द्या. 2025 साठी अमेरिकेच्या आयकर खात्याचा दर मैलाला 70 सेंट होता. आमचं एक चर्च 70 मैलांवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 140 मैल, 98 डॉलर. एवढे पैसे कुणाच्या खिशातून जाऊ देणं बरं दिसत नाही. अजून एक: बिशपांच्या भेटीच्या रविवारची दानपेटी अनेक ठिकाणी बिशपांच्या मदतनिधीला जाते. असा चेक कुणाच्या नावाने काढायचा, हे खजिनदाराला आधी सांगा. एकदा तो पाहुण्या बिशपांच्या खासगी नावाने निघाला आणि त्या बिचाऱ्यांना तो परत करताना शरमायला झालं.

आता रविवारकडे येऊ. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर.

आठवडाभर आधी चर्चला मी एक कागद पाठवते. त्यात वाचनं असतात, पोशाखाचा रंग असतो, कुठून मिरवणूक निघणार ते असतं, आणि तळाशी दोन प्रश्न. वेदीच्या पायऱ्या किती? कठडा आहे का? हे प्रश्न मी दुसऱ्या वर्षापासून घालू लागले. त्याआधी एका चर्चमध्ये 23 मुलांचं दृढीकरण होतं. बिशप 74 वर्षांचे. ते उभे, मुलं गुडघे टेकलेली, आणि प्रत्येक डोक्यावर हात ठेवायला त्यांना वाकावं लागत होतं. नवव्या मुलानंतर त्यांच्या कपाळावर घाम दिसला. बाराव्याला त्यांनी डावा हात वेदीच्या कडेवर टेकला. शेवटच्या मुलीच्या डोक्यावर हात होता तो थरथरत होता, आणि तिला वाटलं असणार की पवित्र आत्मा येतोय. मी मागच्या बाकावरून काहीच करू शकले नाही. आता वेदीसमोर बिनहाताची एक भक्कम खुर्ची ठेवतात. बिशप बसतात, मुलं उशीवर गुडघे टेकतात, डोकं बरोबर छातीच्या उंचीला येतं. उपाय इतका सोपा होता.

मुलांची नावं मोठ्या अक्षरांत कार्डांवर, उच्चार जसा तसाच लिहून. कार्ड बिशपांच्या हातात नको, शेजारी उभ्या डीकनच्या (विधीत मदत करणाऱ्या दीक्षित सेवकाच्या) हातात. विधीच्या तेलाची डबी उघडून ठेवा. तिचं झाकण घट्ट असतं आणि वयस्कर बोटांना ते निघत नाही.

क्रोझिअर, म्हणजे मेंढपाळाची काठी, हा नाजूक विषय. ती अधिकारक्षेत्राची खूण आहे, त्यामुळे पाहुण्या बिशपांनी ती हातात घ्यायची की नाही हे आमचे बिशप ठरवतात. ते नेहमी "घ्या" म्हणतात. पण विचारलं गेलं पाहिजे, आणि तेही मी विचारायचं, म्हणजे दोघांना अवघड होत नाही. बुलेटिनमधल्या (रविवारच्या सेवेच्या छापील पत्रिकेतल्या) प्रार्थनेत 'आमचे बिशप' म्हणून धर्मप्रांताच्या बिशपांचंच नाव येतं. असिस्टिंग बिशपांचं त्याच्यानंतर, वेगळं. चर्चचे सेक्रेटरी उत्साहात हे उलटं छापतात. शुक्रवारपर्यंत बुलेटिनची प्रत मागवा. भेट संपताना नोंदवहीत त्यांची सही घ्यायला विसरू नका, नाहीतर मुलांचं दृढीकरण झालं त्याचा कागदोपत्री पत्ताच राहत नाही.

रात्रीचं ड्रायव्हिंग बिशप स्वतः कधी नाकारत नाहीत. हे त्यांच्या घरून कळतं. दुसऱ्या बिशपांच्या पत्नीने मला फोन करून सांगितलं, "तो तुम्हाला सांगणार नाही, पण समोरून दिवे आले की त्याला रस्ता दिसत नाही." तेव्हापासून 50 मैलांपलीकडच्या चर्चसाठी मी शनिवारी मुक्काम ठरवते आणि संध्याकाळच्या सेवा त्यांच्या वाट्याला देत नाही. कारण सांगत नाही. तेही विचारत नाहीत.

दरवर्षी ॲडव्हेंटच्या (नाताळच्या आधीच्या आठवड्यांच्या) आधी बिशप, असिस्टिंग बिशप आणि मी असे तिघं बसतो आणि पत्र पुन्हा वाचतो. धर्मप्रांताचे बिशप पदावरून गेले की हे पत्र संपतं, अशी ओळ त्यात पहिल्या दिवसापासून असू द्या. नव्या बिशपांना आपली माणसं निवडायची मोकळीक हवी, आणि जुन्या माणसाला जायला सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. गेल्या बैठकीत आमच्या बिशपांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "महिन्याला तीनचे दोन करू या का?" मी पेन्सिल काढली. डायरीत असिस्टिंग बिशपांचे रविवार मी पेनने कधीच लिहीत नाही.